उत्तर का येत नाही

गेल्या महिन्यात इचलकरंजीहून एका मुलीचा फोन आला. मी पंधरा वर्षं ज्या प्रेसमध्ये डीटीपी केलं, तिथल्या मशीनमनची ही मुलगी. ग्राफिक डिझाइन शिकलीय, हात चांगला आहे. म्हणाली, "मावशी, ऑनलाइन कामांसाठी महिन्याभरात ३४ प्रपोजल, म्हणजे अर्ज टाकले. एकाचंही उत्तर नाही. नको असेल तर नको म्हणा ना! माझं काय चुकतंय?"

हे मला बरेच जण विचारतात. कुणाचा मुलगा व्हिडिओ एडिटिंग करतो, कुणाची सून घरून ट्रान्सक्रिप्शनची कामं शोधते. मी मिरजेत बसून इंग्रजी-मराठी भाषांतर आणि मराठी मजकुराची मांडणी करते, कामं बाहेरच्या देशांतून ऑनलाइन मिळवते, हे आता ओळखीपाळखीत सगळ्यांना माहीत झालंय. फोनवर दहा मिनिटांत जे सांगते ते अर्धवटच राहतं. म्हणून आज बसून नीट लिहिते.

आमची प्रेस बंद झाल्यावर मी या वाटेला आले. पहिले सात महिने एकही काम मिळालं नाही. सकाळी डबे करून दिले की कॉम्प्युटरसमोर बसायचं, दोन-तीन अर्ज लिहायचे, संध्याकाळी बघायचं. रात्री पाणी प्यायला उठले तरी फोन उघडून बघायचे. सासूबाई विचारायच्या, "आलं का गं कुणाचं काही?" त्या काळजीनं विचारायच्या, पण तो प्रश्न नकोसा व्हायचा. नकार आला असता तर एकदा रडून मोकळी झाले असते. काहीच येत नाही तेव्हा माणूस कारण स्वतःमध्ये शोधायला लागतो. ज्या हातांनी पंधरा वर्षं पुस्तकं, लग्नपत्रिका, दवाखान्यांचे केसपेपर लावले, त्या हातांना काही येत नाही असंच वाटायला लागतं. हे आधी सांगते, कारण विचारणाऱ्यांच्या आवाजात मला दरवेळी तेच ऐकू येतं.

मग मी एक शंभरपानी वही घेतली आणि रकाने आखले. तारीख, काम काय, क्लायंट कुठला, अर्ज उघडला का, आणि शेवटी काम कुणाला मिळालं. तीन महिन्यांनी वही वाचायला बसले तेव्हा त्या शेवटच्या रकान्यापाशीच थांबले. निम्म्याहून अधिक कामं कुणालाच मिळाली नव्हती. क्लायंटनं जाहिरात टाकली, पन्नासेक अर्ज आले आणि तो परत फिरकलाच नाही. कुणाचं बजेट मंजूर झालं नाही, कुणाला ऑफिसातलाच माणूस मिळाला, कुणी फक्त भाव काढायला जाहिरात टाकली होती. त्या कामांवर मी रात्ररात्र जागून लिहिलेले अर्ज कुणी वाचलेच नव्हते. मग ते चांगले होते की वाईट, हा प्रश्नच येत नाही.

म्हणून मी पहिली गोष्ट सांगते ती ही, की अर्ज लिहायच्या आधी क्लायंटची माहिती वाचा. बहुतेक ठिकाणी ती दिसते: आजवर किती कामं टाकली, त्यातली किती दिली, पैसे भरायची सोय तपासलेली आहे का, तो शेवटचा कधी आला होता. वीस जाहिराती टाकून दोघांनाच काम देणाऱ्याच्या दारात उभं राहू नका. यात पैशांचाही प्रश्न आहे. अपवर्क या ऑनलाइन कामं मिळवायच्या साइटवर २०१९ पासून अर्जाला लागणारे 'कनेक्ट', म्हणजे एक प्रकारची टोकनं, विकत घ्यावे लागतात, एक १५ सेंटला. एखाद्या कामाला १६ कनेक्ट लागले तर २ डॉलर ४० सेंट झाले, म्हणजे आपले साधारण दोनशे रुपये. एका अर्जाला दोनशे! एवढ्यात आठवड्याची भाजी येते. बाजारात टोमॅटो दाबून बघतो, तेवढी तरी चौकशी इथे करायला नको का?

आता जे अर्ज वाचले जातात त्यांच्याबद्दल. क्लायंटला तुमचा अर्ज आधी यादीत दिसतो आणि यादीत त्याच्या पहिल्या दोनेक ओळीच दिसतात. त्या ओळींत आपण काय लिहितो? आदरणीय महोदय, मी अमुक, मला इतक्या वर्षांचा अनुभव, मी मेहनती आहे, वेळ पाळते. मीही हेच लिहीत होते. माझे जुने अर्ज आता वाचले की वाटतं, यातला एकही अर्ज विशिष्ट माणसाला लिहिलेला नाही. आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून तर पन्नासातले चाळीस अर्ज एकसारखेच सुबक येतात. मी स्वतः दोनदा मदतीला माणूस घ्यायचा म्हणून जाहिरात टाकली होती, तेव्हा पलीकडच्या बाजूनं हे पाहिलं. सगळे "तुमचं काम वाचून मला अतिशय आनंद झाला" इथून सुरू. दहाव्या अर्जानंतर डोळे नुसते फिरत राहतात, वाचत नाहीत. त्या अर्जदारांतही कुणी रात्री उठून फोन बघणारं असेल, हे माहीत असून माझं तसं झालं.

मला पहिलं खरं उत्तर कसं आलं ते सांगते. लंडनजवळच्या एका लहान संस्थेला मधुमेहाच्या माहितीपत्रकासाठी मराठी मुद्रितशोधक हवा होता. जाहिरातीला पत्रकाची पीडीएफ जोडलेली होती. मी उघडली आणि दुसऱ्या पानावर थबकले. 'किडनी'तली पहिली वेलांटी 'क'च्या आधी यायला हवी, ती 'क'नंतर पडली होती आणि पुढच्या 'ड'ची वाटत होती. शब्द 'कडिनी' असा वाचला जात होता. 'रक्त'मधलं जोडाक्षर तुटून 'क'चा पाय मोडका दिसत होता. पानभर हेच. भाषांतर करणाऱ्याची यात काही चूक नव्हती. त्यानं युनिकोडमध्ये बरोबरच लिहून दिलं असणार. ज्यानं ते इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये चिकटवलं त्याला मराठी येत नव्हतं आणि कंपोझर, म्हणजे अक्षरं जुळवणारं सेटिंग, इंग्रजीचंच राहिलं होतं. देवनागरीसाठी तिथे 'अ‍ॅडोबी वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर' निवडावा लागतो. नाही निवडला तर अक्षरं टाइप केलेल्या क्रमानं एकापुढे एक पडतात, वेलांटी मागे सरकत नाही, जोडाक्षर जुळत नाही. प्रेसमधून आलेल्या बाईला हे दिसायला अर्धा मिनिट पुरतो.

त्या दिवशी मी माझं नावसुद्धा सुरुवातीला लिहिलं नाही. पहिलीच ओळ अशी होती: तुमच्या पत्रकाच्या दुसऱ्या पानावर 'किडनी' हा शब्द चुकीचा छापला जातोय, आणि ही चूक भाषांतराची नसून एका सेटिंगची आहे. मग ते सेटिंग कुठे आहे, काय बदलायचं, हे तीन ओळींत. खाली लिहिलं, की तुम्हाला जमलं नाही तर फाइल पाठवा, तासाभराचं काम आहे, माझा दर इतका. चाळीस मिनिटांत उत्तर आलं. त्या बाईंनी लिहिलं होतं की वाचणारे लोक तक्रार करत होते, पण नेमकं काय बिघडलंय हे त्यांना कुणी सांगू शकलं नव्हतं. त्या एका तासाच्या कामातून पुढे वर्षभर त्यांची पत्रकं माझ्याकडे येत राहिली, मराठी आणि हिंदी दोन्ही.

यावर हमखास विचारतात, "पण उपाय आधीच सांगून टाकला तर ते काम कशाला देतील?" काही देत नाहीत. माझ्याही बाबतीत झालंय, सेटिंग बदललं आणि आभारसुद्धा मानले नाहीत. मला तरीही हाच मार्ग बरा वाटतो. ज्याला मराठीचं एक अक्षर वाचता येत नाही त्याला आपल्या कामाची पारख कशावरून व्हावी? आपण त्याच्या पानावर बोट ठेवतो तेव्हाच.

प्रत्येक जाहिरातीला पान जोडलेलं नसतं, हेही खरं. तेव्हा मी एक प्रश्न विचारते, जो ते काम केलेल्या माणसालाच सुचेल. औषधांच्या चाचण्यांची संमतिपत्रं भाषांतराला येतात. ती सहसा मराठीत झाल्यावर दुसऱ्या माणसाकडून पुन्हा इंग्रजीत करून घेतात, म्हणजे अर्थ कुठे सुटला ते कळतं. मी अर्जातच विचारते, हे उलट भाषांतर तुम्ही दुसरीकडे दिलंय का, आणि चाचणीला मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिटीला भाषांतराचं प्रमाणपत्र कुठल्या नमुन्यात हवं? एवढ्यावर उत्तर येतं, कारण त्यांना त्याचं उत्तर द्यावंच लागणार असतं. नमुन्यादाखल काम दाखवायचं तर एकच पान जोडा, त्यांच्या कामाच्या जवळचं. चाळीस कामांची लिंक कुणी उघडत नाही.

वेळेचंही थोडं आहे. न्यूयॉर्कला सकाळचे ९ वाजतात तेव्हा आपल्याकडे त्यांच्या उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि त्यांच्या हिवाळ्यात साडेसात. जाहिरात पडल्यावर पहिल्या तासात पोचलेला अर्ज वाचला जायची शक्यता जास्त, असं माझी वही सांगते. पण ही नेमकी दिवेलागणीची, स्वयंपाकाची वेळ. ज्या बायका हे काम करू बघतात त्यांनी घरी हे स्पष्ट बोलून घ्यावं. आमच्याकडे संध्याकाळची कणीक तेव्हापासून माझे यजमान मळतात.

एक गोष्ट मात्र मला कळकळीनं सांगायची आहे. नवीन खात्याला पटकन उत्तर देतात ते बहुतेक लबाड असतात. महिनोन्‌महिने शांतता सोसलेल्या माणसाला "तुमची निवड झाली आहे" एवढं वाचून भरून येतं, आणि ते लोक नेमकी हीच वेळ साधतात. टेलिग्रामवर या म्हणतात. साध्या पीडीएफ टाइप करायला हजारो रुपये देऊ म्हणतात आणि आधी नोंदणीचे पैसे मागतात. काम देणारा कधीही काम घेणाऱ्याकडून पैसे मागत नाही, एवढं धरून ठेवा. माझी फसवणूक वेगळ्या तऱ्हेनं झाली. एका एजन्सीनं चाचणी म्हणून १,२०० शब्दांचं प्रकरण दिलं. मी दोन दिवस जीव ओतून केलं, पुढे काही नाही. काही महिन्यांनी एका ओळखीच्या भाषांतरकार बाईंशी बोलताना कळलं, त्यांनाही 'चाचणी' आली होती, त्याच पुस्तकाचं पुढचं प्रकरण. तेव्हापासून २५० शब्दांपुढची चाचणी मी फुकट करत नाही, आणि तुम्हीही करू नका. भाषांतरवाल्यांसाठी प्रोझ नावाची साइट १९९९ पासून आहे, तिच्या ब्लू बोर्डवर एजन्सींबद्दल भाषांतरकारांचे अनुभव असतात. नवीन एजन्सीचं नाव मी आधी तिथे शोधते.

आणि उत्तर येत नाही म्हणून दर पाडू नका. मी पाडून पाहिला होता. उत्तरं तेवढीच आली, आणि जी आली ती माणसं रात्री अकराला फाइल पाठवून सकाळी सातला मागणारी होती. दर तोच ठेवा, काम लहान घ्या. तीनशे शब्द, एक पोस्टर, दोन मिनिटांचा व्हिडिओ. खात्यावर पहिले तीन-चार अभिप्राय पडेपर्यंत लहान कामंच धरा.

इचलकरंजीच्या मुलीला मी मिरजेला बोलावून घेतलं. तिचे ३४ अर्ज दोघींनी बसून वाचले. त्यातले २१ अशा क्लायंटना होते ज्यांनी तोवर कुणालाच काम दिलं नव्हतं. बाकीच्यांत तिचं शिक्षण होतं, सॉफ्टवेअरची नावं होती, पण समोरच्याच्या कामाबद्दल एक वाक्य नव्हतं. मग आम्ही ताज्या जाहिराती काढल्या. अमेरिकेतल्या एका मराठी मंडळाला गणेशोत्सवाची स्मरणिका लावून हवी होती, गेल्या वर्षीचा अंक जोडला होता. मी काही बोलले नाही. तिनं तो दोनदा वर-खाली केला आणि म्हणाली, "मावशी, यांचा 'ल' आणि 'श' हिंदी आहे."

खरंच होतं. मुखपृष्ठावरच्या मोठ्या 'गणेशोत्सव'पासून आतल्या 'लाडू'पर्यंत. बऱ्याच देवनागरी फॉन्टमध्ये मुळात हिंदी वळण येतं आणि मजकुराची भाषा मराठी ठरवल्याशिवाय मराठी वळण दिसत नाही. काहींत ते नसतंच. आपल्या राज्य सरकारच्या २००९ च्या वर्णमालेच्या निर्णयातसुद्धा पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' धरला आहे. तिनं लिहिलं: तुमच्या गेल्या वर्षीच्या अंकात 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे आहेत, मराठी वाचणाऱ्या आजी-आजोबांना ते खटकले असतील, मी तुमचंच पहिलं पान मराठी वळणात लावून सोबत जोडलं आहे. ते पान लावायला तिला पाऊण तास लागला. जोडाक्षरं तिनं एकेक मोठी करून तपासली.

अर्ज पाठवून सहा दिवस झाले. उघडला आहे असं दिसतंय, उत्तर अजून नाही. काल रात्री तिचा पुन्हा फोन आला तेव्हा मला वाटलं, तेच विचारेल. तिनं विचारलं, की बालभारतीसारखं मोठ्या अक्षरातलं मुलांचं पुस्तक लावायचं असेल तर ओळींमधलं अंतर किती ठेवायचं, कारण उकार आणि रफार एकमेकांना लागतायत. कॅनडातल्या कुणाची तरी जाहिरात तिनं शोधून काढली होती. त्या क्लायंटनं आजवर नऊ कामं टाकली आहेत आणि आठ दिली आहेत, हे तिनं मी न विचारता सांगितलं.