मँगनीजचे घर कोणते?

तुमसर तालुक्यातील आमच्या घरी, धानाच्या पोत्यांवरची ताडपत्री उडू नये म्हणून ठेवलेला एक काळा दगड आहे. तो मँगनीजच्या खनिजाचा असून आजोबा चिखल्याच्या खदानीत कामाला होते तेव्हापासून घरात आहे. मुठीएवढाच, पण उचलताना मनगट खाली झुकते. दहावीच्या मुलांना आवर्तसारणी शिकवायची वेळ आली की मी हा दगड वर्गात नेतो, कारण मूलद्रव्यांची मांडणी करणाऱ्या प्रत्येकाने मँगनीजला कोठे बसवले हे पाहिले, तर त्या मांडणीची पारख आपोआप होते.

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएने 1789 मध्ये जी 33 मूलद्रव्यांची यादी दिली, तीत मँगनीज धातूंमध्ये आहे. यादीत प्रकाश आणि उष्णता हीदेखील मूलद्रव्ये म्हणून आली होती, हे सांगितले की मुले हसतात. पुढे 1829 मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ डोबेरायनरने सारख्या गुणांच्या तीन-तीन मूलद्रव्यांचे गट दाखवले. लिथिअमचे अणुवस्तुमान, म्हणजे त्याच्या अणूचे तुलनात्मक वजन, 7 आणि पोटॅशिअमचे 39. दोहोंची सरासरी 23, आणि तेच सोडिअमचे अणुवस्तुमान. हिशेब सुरेख होता, परंतु अशी त्रिके मोजकीच निघाली आणि उरलेली मूलद्रव्ये दाराबाहेरच राहिली. शिवाय अणुवस्तुमानांबाबतच एकमत नव्हते. 1860 मध्ये कार्ल्सरूह येथील परिषदेत इटालियन रसायनशास्त्रज्ञ कानिझारो यांनी ती ठरवण्याची सुसंगत रीत मांडली, त्यानंतरच पुढच्या मांडण्यांना पक्का पाया मिळाला.

या पायावर 1865 मध्ये लंडनच्या न्यूलँड्स या रसायनशास्त्रज्ञाने मूलद्रव्यांना वाढत्या अणुवस्तुमानानुसार क्रमांक दिले आणि दर आठव्या मूलद्रव्यात पहिल्याचे गुण परत येतात, असे सांगितले. सा रे ग म प ध नी संपले की पुन्हा सा येतो, तसेच हे. आपल्याकडील मुलांना हा नियम चटकन समजतो आणि कॅल्शिअमपर्यंत तो लागूही पडतो. मात्र सूर धरून ठेवण्याच्या हट्टापायी न्यूलँड्स पुढे बेसूर झाला. त्याच्या तक्त्यात नायट्रोजन सहावा, फॉस्फरस तेरावा आणि मँगनीज विसावा, म्हणजे आमचा हा काळा दगड हवेतल्या नायट्रोजनचा भाऊबंद ठरतो! त्याचप्रमाणे लोखंड ऑक्सिजन आणि गंधकाच्या ओळीत गेले, तर कोबाल्ट आणि निकेल एकाच जागेत कोंबून क्लोरिनच्या शेजारी बसवले गेले. पुढच्या वर्षी केमिकल सोसायटीच्या सभेत एका सदस्याने, आपण मूलद्रव्ये वर्णाक्षरांच्या क्रमाने लावून पाहिली आहेत का, असे विचारून त्याची खिल्ली उडवली. हा टोमणा मला अन्यायाचा वाटतो, कारण गुण ठराविक अंतराने परत येतात हे त्याने ओळखले होते. चूक एवढीच की सगळी घरे भरलेली असावीत असा त्याचा आग्रह होता. 1887 मध्ये त्याला डेव्ही पदक मिळाले, तोपर्यंत आवर्तसारणीसाठी रशियन रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीव्हचे नाव झाले होते.

मेंडेलीव्हने 1871 च्या तक्त्यात मँगनीजला सातव्या गणात, म्हणजे सारख्या गुणांच्या मूलद्रव्यांच्या सातव्या उभ्या रकान्यात, क्लोरिनच्या सोबतीला ठेवले. एक हिरवट पिवळा वायू आणि एक कठीण धातू यांना एकाच गणात पाहून प्रथमदर्शनी न्यूलँड्सचीच चूक पुन्हा झाली असे वाटेल. परंतु मेंडेलीव्हने मूलद्रव्याचे बाह्य रूप न पाहता ते ऑक्सिजनशी जास्तीत जास्त कोणत्या प्रमाणात संयोग पावते हे पाहिले, आणि क्लोरिन व मँगनीज या दोघांच्याही सर्वोच्च ऑक्साइडमध्ये मूळ द्रव्याच्या दोन अणूंमागे ऑक्सिजनचे सात अणू असतात. पूर्वी पटकीच्या साथीत विहिरीत टाकली जाणारी जांभळी लाल दवा, म्हणजे पोटॅशिअम परमँगनेट, आणि पोटॅशिअम परक्लोरेट यांच्या स्फटिकांची रचनाही एकसारखी असते. अर्थात हे साम्य अर्धेच आहे, आणि म्हणून आजच्या सारणीत मँगनीज सातव्या गणात तर क्लोरिन सतराव्या गणात आहे.

जिथे योग्य मूलद्रव्य मिळत नव्हते, तिथे मेंडेलीव्हने घर रिकामे ठेवले आणि त्या अज्ञात मूलद्रव्याला वरच्या शेजाऱ्यामागे संस्कृतातील ‘एक’ हा शब्द जोडून नाव दिले. एक-ॲल्युमिनिअम 1875 मध्ये गॅलिअमच्या रूपाने सापडले. ते सुमारे 30 अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे आमच्या मे महिन्यात ते फडताळात ठेवले तरी पातळ होईल. गॅलिअम शोधणाऱ्या बोइसबॉड्रनने त्याची घनता आरंभी 4.7 मोजली होती. मेंडेलीव्हने ती 5.9 असावी असे कळवले, आणि अधिक शुद्ध नमुन्यावर फेरमोजणी केल्यावर 5.9 हाच आकडा आला.

मँगनीजच्या खालचे घर मात्र दीर्घकाळ रिकामे राहिले. 1937 मध्ये पेरिए आणि सेग्रे या शास्त्रज्ञांनी इटलीतील पालेर्मो येथे, अमेरिकेतील सायक्लोट्रॉनमध्ये (कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रात) कणांचा मारा झालेल्या मॉलिब्डेनमच्या पट्टीतून ते मूलद्रव्य वेगळे केले. त्याला टेक्नेशिअम म्हणतात. पृथ्वीच्या वयाच्या मानाने त्याचे सर्व समस्थानिक, म्हणजे वेगवेगळ्या वस्तुमानाचे त्याचेच अणू, अल्पायुषी आहेत, त्यामुळे आमची खदान कितीही खोल खणली तरी मँगनीजचा हा शेजारी तिथे हाती लागणार नाही.