बाबांना हत्ती बघायला चोबेला नेलं तेव्हा

आमचं घर सिंधुदुर्गात, दोडामार्ग तालुक्यात, तिलारीच्या खोऱ्यात. २००२ च्या सुमारास कर्नाटकातून रानटी हत्ती आमच्या भागात उतरले, तेव्हापासून हत्ती हा विषय आमच्या वाडीत कुणी हौसेने काढत नाही. एका रात्रीत आमची दीडशे केळी आडवी झालेली मी पाहिली आहेत. माड ढकलून पाडायचा, आतला कोवळा कोंब खायचा आणि पुढच्या बागेत जायचं. डबे वाजवत, मशाली धरून बाबा किती रात्री जागले असतील याचा हिशोब नाही. आता ते ७१ वर्षांचे आहेत.

त्यामुळे झांबियात लुसाकाला नोकरी करणाऱ्या माझ्या धाकट्या भावाने जेव्हा सुचवलं की इथे आलातच तर शेजारच्या बोत्स्वानात, चोबे राष्ट्रीय उद्यानात एक दिवस जाऊन या, जगात सगळ्यात जास्त हत्ती त्या देशात आहेत, तेव्हा बाबा फोनवर बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "जावया. थंयची माणसां काय करतत तां बघूक व्हया."

आम्ही सप्टेंबरात गेलो. झांबियातल्या लिव्हिंगस्टनला मुक्काम, आदल्या दिवशी व्हिक्टोरिया धबधबा पाहिला (या दिवसांत झांबियाच्या बाजूला पाणी फार कमी असतं, तेव्हा धबधब्यासाठीच जाणार असाल तर महिना बदला), आणि दुसऱ्या दिवशी चोबे.

आधी व्हिसाचं सांगते, कारण लोक इथेच अडकतात. चोबेची सहल एका दिवसाची असली तरी तुम्ही एक देश सोडून दुसऱ्यात जाता आणि संध्याकाळी परत पहिल्यात येता. झांबियाचा व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर सकाळी बाहेर पडताच तो संपतो. त्यामुळे आम्ही सुरुवातीलाच एकाहून जास्त प्रवेशांचा व्हिसा मागितला आणि बोत्स्वानाचा ई-व्हिसा पुण्यातूनच काढून ठेवला. काझा नावाचा एक सामायिक व्हिसा आहे. त्यावर झांबिया आणि झिम्बाब्वे दोन्हीकडे फिरता येतं आणि काझुंगुलाच्या सीमेवरून बोत्स्वानात दिवसभराची फेरीही चालते. पण तो सगळ्याच पासपोर्टांना मिळत नाही, म्हणून त्याच्या भरवशावर तिकिटं काढू नका. सगळ्या कागदांच्या दोन छापील प्रती जवळ ठेवा. मलेरियाच्या गोळ्यांचंही निघण्याआधीच डॉक्टरांना विचारा, हा सगळा मलेरियाचा प्रदेश आहे.

सकाळी सात वाजता गाडी हॉटेलवर आली. काझुंगुलापर्यंत साधारण तासाभराचा रस्ता. पूर्वी इथे झांबेझी नदी तराफ्याने ओलांडावी लागायची आणि मालाचे ट्रक दिवसचे दिवस रांगेत उभे असायचे. मे २०२१ मध्ये पूल सुरू झाला. ९२३ मीटर लांबीचा हा पूल सरळ नाही, त्याला बाक आहे. झांबिया, बोत्स्वाना, झिम्बाब्वे आणि नामिबिया हे चार देश इथे अगदी जवळ येतात आणि झिम्बाब्वेच्या हद्दीत न शिरता नदी पार करायची म्हणून तो वळवून बांधलाय. दोन्ही देशांचे शिक्के एकाच इमारतीत मिळतात. आमचं काम पाऊण तासात झालं.

बोत्स्वानाच्या बाजूला औषधाच्या पाण्यात भिजवलेल्या पायपुसण्यावर बूट पुसून पुढे जायचं होतं. गाडीची चाकंही तशाच पाण्यातून जातात. मी काही सांगायच्या आत बाबांनी विचारलं, "लाळ-खुरकूत?" अगदी तेच. या देशातून गोमांस परदेशी जातं, गुरं हीच तिथल्या कुटुंबांची पुंजी, आणि रानम्हशींमधून हा रोग गुरांत येऊ शकतो. बाबांनी दोन्ही बूट नीट, टाचेपर्यंत भिजवले. मागच्या माणसाला जरा थांबावं लागलं.

पलीकडे बोत्स्वानाचा गाईड वाट बघत होता. तिशीतला, शांत माणूस. तिथे बाईला "दुमेला म्मा" आणि पुरुषाला "दुमेला र्रा" म्हणून नमस्कार करतात. हे एवढं तरी शिकून जा. बाबांनी "दुमेला र्रा" म्हटल्यावर त्याने दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला आणि मग दिवसभर त्यांना सोडलं नाही.

कसाने हे चोबे नदीकाठचं छोटं गाव. आमची बोटफेरी सकाळी होती, गाडी दुपारी. बोट निवडताना एक बघा: दोन मजली मोठ्या बोटीही असतात, पण आठ-दहा जणांची सपाट तळाची छोटी बोट मागून घ्या. ती उथळ पाण्यात काठाला लागते आणि तुमचे डोळे जनावराच्या डोळ्यांच्या पातळीवर येतात. उद्यानाच्या धक्क्यावर नोंद करून आम्ही पाण्यात शिरलो. सकाळी पाण्यावर चांगलाच गारठा असतो. बाबांची मफलर मी जवळजवळ लिव्हिंगस्टनलाच ठेवून आले होते.

समोर सेडुडू बेट. साडेतीन चौरस किलोमीटरचा सपाट गवताळ तुकडा, पुरात बराचसा पाण्याखाली जातो. त्यावर बोत्स्वानाचा झेंडा आहे. नामिबियानेही त्यावर हक्क सांगितला होता. दोन्ही देश हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले आणि डिसेंबर १९९९ मध्ये निकाल बोत्स्वानाच्या बाजूने लागला. नदीच्या दोन्ही फाट्यांतून दोघांच्याही बोटींना मोकळीक राहिली. बांधावरून तीन पिढ्या भांडणारी घरं बाबांनी पाहिली आहेत. लढाई न करता निकाल मान्य केला, हे त्यांनी मला दोनदा वदवून घेतलं.

पाणघोडे गवतावर पडलेले होते, पाठीवर पांढरे बगळे. एक मगर जबडा उघडा टाकून इतकी निश्चल होती की मला ती लाकडाची वाटली. मत्स्यगरुडाची हाक ऐकली. पक्षी बघणाऱ्यांनी तर इथे दोन दिवस काढावेत. पण खरं सांगायचं तर अकराच्या सुमाराला काठावरची झुडपं हलली आणि त्यानंतरचं बाकी सगळं माझ्या लक्षात धूसर झालंय.

कळप आला. पुढे एक म्हातारी हत्तीण, मागे माद्या, मध्ये पिल्लं. मी सतरापर्यंत मोजले. ते थेट पाण्यात उतरले, बेटावर जायला. पाणी खोल झालं तसे पाठी बुडाल्या, डोकी बुडाली आणि नुसत्या सोंडा वर दिसू लागल्या. सगळ्यात लहान पिल्लू आईच्या अंगाला चिकटून होतं आणि पलीकडून दुसरी हत्तीण त्याला रेटत होती. गाईडने इंजिन बंद केलं होतं. त्यांच्या श्वासाचे फुत्कार आम्हाला ऐकू येत होते.

बेटावर चढल्यावर ते चरू लागले. सोंडेने गवताचा झुपका उपटायचा, पाण्यात दोन-चार वेळा हिसळायचा, माती गेली की तोंडात. वाळूमातीने दाढा झिजतात आणि शेवटच्या दाढा झिजल्या की हत्तीचं आयुष्यच सरतं, असं गाईड म्हणाला.

"गवत धुवन खाता गो तो!" बाबा म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "आमची केळ कधी धुवन खाल्ल्यान नाय."

मग त्यांचं दुसरीकडे लक्ष गेलं. "हत्तिणीक पण सुळे?" आपल्याकडे मोठे सुळे फक्त नराला असतात, इथे माद्यांनाही. कान कितीतरी मोठे, आणि सोंडेच्या टोकाला आपल्या हत्तीला एक बोट, याला दोन. बाबांनी दुर्बीण घेतली ती जेवायची वेळ होईपर्यंत परत दिली नाही.

जेवण नदीकाठच्या लॉजवर. तळलेला नदीचा मासा होता, म्हणून बाबांची काळजी मिटली. शाकाहारी असाल तर आदल्या दिवशी सांगून ठेवा.

दुपारी दीडला गाडी. उघडी लँड क्रूझर, पायऱ्यांसारख्या चढत्या रांगा. चढायला लोखंडी पावटे असतात. गुडघे दुखणाऱ्यांनी पहिली रांग मागावी, धक्के तिथे कमी बसतात. कलहारीची खोल वाळू आहे, गाडी होडीसारखी डुलते. उद्यानाच्या सेडुडू गेटनंतर ठरलेल्या जागा सोडून कुठे खाली उतरता येत नाही, म्हणून जेवणानंतर पाणी बेताने प्या आणि लॉजवरच मोकळे होऊन निघा. गाडी ठरलेल्या वाटा सोडत नाही. उभं राहायचं नाही, ओरडायचं नाही. जिराफ, कुडू, इम्पाला, रानम्हशींचा मोठा कळप, सगळं दिसलं. सिंहाचे ताजे ठसे वाळूत दिसले, सिंह नाही. ताडोब्यात वाघ दिसला नाही की गाडीतले लोक जसे हिरमुसतात तसं मागच्या रांगेत झालं. मला वाटतं, सिंहासाठी तो दिवस विकत घेतलाय असं मानूच नये.

परतीच्या वाटेवर एका वळणाला हत्ती रस्त्यावर होते, वीसेक पावलांवर. गाईडने इंजिन बंद केलं. एक हत्तीण आमच्याकडे वळली, कान पसरले, डोकं उंच केलं. बाबांनी माझं मनगट धरलं. आमच्या बागेत त्यांनी हेच कान पाहिले होते, पण तिथे हातात मशाल होती आणि मागे पळायला वाट होती. गाईड अगदी हळू आवाजात म्हणाला की ती पिल्लासाठी जागा मागते आहे, आपण नुसतं बसायचं. आम्ही बसलो. तिच्या मागून दोन पिल्लं धावत रस्ता ओलांडून गेली. तिने कान खाली टाकले, सोंडेने वाळू उडवली आणि गेली. बाबांनी मनगट सोडलं तेव्हा त्यावर बोटांचे वळ होते.

मग बाबांनी गाईडला विचारायला लावलं, "तुझ्या घराक हत्ती येतत?"

तो हसला नाही. त्याची आई चोबे एन्क्लेव्हमध्ये, म्हणजे उद्यान आणि राखीव जंगलांच्या मधल्या गावांच्या पट्ट्यात, कविंबा गावात राहते. ज्वारी आणि मका लावते. २०२२ च्या गणनेत बोत्स्वानात सुमारे १ लाख ३२ हजार हत्ती मोजले गेले आणि त्यातले काही दर हंगामात तिच्या शेतात येतात, एवढंच तो म्हणाला. गेल्या वर्षी अर्धी ज्वारी गेली. बाबा पुढे सरकून बसले. माझं भाषांतर करणं दोघांनाही पुरेनासं झालं. हातवारे, आकडे, किती रात्री, किती वाजता येतात, चांदण्यात येतात की काळोखात.

त्याची आई मिरचीच्या विटा जाळते. हत्तीचं सुकं शेण, भरपूर मिरचीपूड आणि पाणी एकत्र मळायचं, साच्यात घालून उन्हात कडक वाळवायचं आणि रात्री शेताच्या कडेला, वारा बघून, निखारे ठेवून धुमसत ठेवायचं. ज्वाळा नको, धूरच हवा. हत्तीच्या नाकाला तो सहन होत नाही. रोज जागा बदलायची, नाहीतर त्याला सवय होते. बाबांनी पावसाचं विचारलं. पीक तिथेही पावसातच असतं, आई विटेवर पत्र्याचा तुकडा आडवा धरते.

संध्याकाळी पुन्हा पूल, पुन्हा शिक्के. हॉटेलवर पोचायला साडेसहा वाजले. जेवताना भावाने विचारलं, कसे वाटले हत्ती? बाबांनी खिशातून माझ्या विमानाच्या तिकिटाची छापील प्रत काढली. मागच्या कोऱ्या बाजूला त्यांनी विटेचा साचा काढला होता, लांबी-रुंदी लिहून.

"मिरची घरची असा," ते म्हणाले. "शेण तो सोताच टाकून जाता."