मॉरिशस, ब्लू बे आणि नवऱ्याची मिशी

तिकडे आपल्या उलट ऋतू असतात हे शाळेत भूगोलात शिकलेलं असतं, पण बॅग भरताना कुणाला आठवतंय, जूनमध्ये मॉरिशसला गेलो आणि पूर्व किनाऱ्यावर उतरल्या उतरल्या असला वारा की टोपी गेली ती गेलीच. थंडीच्या दिवसात आग्नेयेकडून वारं येतं ते सरळ याच बाजूला आदळतं. पश्चिमेला फ्लिक आं फ्लाकला मात्र पाणी शांत. त्यामुळे मे-जूनच्या सुट्टीत जाणार असाल तर हॉटेल पश्चिमेलाच घ्या, मी पूर्वेला घेऊन बसले होते, आता काय बोलणार.

पहिल्या दिवशी पॅकेजवालं सगळं केलं. ईल ओ सेर्फ या छोट्या बेटावर स्पीडबोट, पॅरासेलिंग. समुद्रात एक तराफा ठेवलेला असतो, त्यावर रांग लावायची, दोरीला लटकून वर जायचं, फोटो, खाली. चांगलं होतं, पण आमच्या मालवणला पण हे करता येतं की!

मजा आली ती ब्लू बेला. एअरपोर्टच्या अगदी जवळ, लोक शेवटच्या दिवशी विमानाआधी उरकतात, तसं करू नका. मॉरिशसभोवती जवळजवळ सगळीकडे पोवळ्यांचा कठडा आहे, मोठ्या लाटा बाहेरच फुटतात आणि आत उथळ, स्वच्छ पाणी राहतं. ब्लू बे तर संरक्षित मरीन पार्क, पोवळ्याला हात नाही लावायचा की पाय नाही ठेवायचा. काचेच्या तळाच्या बोटीतून बघितलं तेव्हा छान छान म्हणत होतो, पण मास्क लावून तोंड पाण्यात घातलं आणि अक्षरशः गप्प झालो. मेंदूसारख्या वळ्या पडलेलं पोवळं, त्यावर पट्ट्यापट्ट्यांचे मासे, आणि कान पाण्याखाली असले की बारीक कटकट ऐकू येते, चणे भाजल्यासारखी.

नवऱ्याच्या मास्कमध्ये मात्र सारखं पाणी. पट्टा आवळून झाला, मास्क बदलून झाला. शेवटी बोटवाल्याने त्याच्या मिशीकडे बघितलं, हसला, आणि डबीतलं व्हॅसलीन काढून मिशीला चोपडायला लावलं. पाणी बंद! मिशीमुळे रबर नीट चिकटत नाही म्हणे. पायात रबरी बूट पण घाला, काटेरी सी-अर्चिन असतात.

ल मॉर्न डोंगर चढायला घेतला, ५५६ मीटर, गुलामीतून पळालेले लोक इथे लपायचे, २००८ पासून जागतिक वारसा आहे. निम्मी वाट सोपी, पुढे हातापायाने खडक चढायचा, तिथून आम्ही परत. पण तिथूनही खाली तो कठड्याच्या आतला निळा-हिरवा लगून आणि कडेला पांढरी फेसाची रेघ दिसते. खाली सुरूची झाडं, थेट आपल्या कोकणासारखी. गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते आणि गणपती समुद्रात विसर्जन करतात, पिढ्यानपिढ्या राहिलेली मराठी माणसं आहेत तिकडे. नवरा म्हणतो पुढच्या वेळी तेव्हाच जाऊ. मिशीसकट.