गोळ्या चालू, बिडीही चालू

कापूस वेचणीचे दिवस होते. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ओपीडी भरलेली असताना एक काका घामानं भिजलेले, डावा खांदा चोळत आत आले. मागच्या वर्षी अटॅक येऊन नागपुरात स्टेंट, म्हणजे हृदयाची नस उघडी ठेवणारी बारीक जाळी, टाकलेला. ईसीजीत नवा अटॅक स्पष्ट दिसला. ॲस्पिरिन चावायला दिली, १०८ ला फोन केला.

"गोळ्या बंद केल्या होत्या का?" मी विचारलं.

"नाही जी मॅडम, एकबी नाही चुकवली."

काकूंनी पिशवीतून रिकाम्या पट्ट्याच काढून दाखवल्या. मग हळूच म्हणाल्या, "पण बिडीचं बंडल रोजचं हाये. म्हणतेत, नस मोकयी केली, गोया चालू हायेत, आता बिडीनं काय होते?"

डिस्चार्जच्या कागदावर बिडीबद्दल एक ओळ होती, पण समोर बसवून कोणी सांगितलं नव्हतं. याचा मला अजूनही राग येतो. स्टेंट नसेचा तेवढाच तुकडा उघडा ठेवतो. बाकीच्या रक्तवाहिन्यांचं अस्तर धूर खराब करतच राहतो. रक्त लवकर गोठायला लागतं, त्यामुळे स्टेंटमध्येही गुठळी होऊ शकते. कार्बन मोनॉक्साइड रक्तातली ऑक्सिजनची जागा बळकावतो आणि त्याच वेळी निकोटिन हृदयाला जोरात पळवतं. हृदयविकाराच्या रुग्णांवरच्या २० अभ्यासांचा एकत्रित आढावा २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. धूम्रपान सोडलेल्यांचा मृत्यूचा धोका, चालू ठेवणाऱ्यांपेक्षा सुमारे ३६ टक्के कमी निघाला. काका मनापासून घेत होते त्या गोळ्यांच्या तोडीचा हा फायदा आहे, आणि त्याला पैसा लागत नाही.

काका वाचले. परत आले तेव्हा अभिमानानं म्हणाले, "बिडी सोडली जी." गालात खर्रा होता.

मी रागावले नाही. इतक्या वर्षांची तलफ एका दिवसात जात नाही. खर्ऱ्यातही तंबाखूच असते, तिचंही निकोटिन हृदयापर्यंत पोचतं, हे सांगितलं. निकोटिनची गोळी कशी चघळायची ते दाखवलं. १८००-११-२३५६ ही तंबाखू सोडण्यासाठीची मोफत हेल्पलाइन त्यांच्या मोबाइलमध्ये साठवून दिली. पुढच्या तपासणीला मुलालाही आणा म्हटलं, कारण घरात तोही ओढतो, आणि समोर धूर असला की काकांची तलफ उसळते.