आजोबांची फेवरलुबा आणि सात महिन्यांचा शोध

आजोबांचं घड्याळ माझ्या हातून पडलं. मार्चमधली गोष्ट. कपाट आवरताना डबी सापडली, घड्याळ काढून चावी दिली, कानाशी धरून टिकटिक ऐकली आणि परत ठेवताना ते निसटलं. फार उंचावरून नाही, पलंगाच्या उंचीवरून. काचेवर ओरखडाही आला नाही. टिकटिक मात्र थांबली.

घड्याळ फेवरलुबा सी-चीफ. कंपनी स्विस, १७३७ सालापासूनची, आणि तिच्या नावाचा खरा उच्चार काहीही असो, आपल्याकडच्या दोन-तीन पिढ्यांनी तिला फेवरलुबाच म्हटलं. मुंबईत या कंपनीचा माल १८६५ मध्ये यायला लागला. जावयाला लग्नात द्यायचं किंवा नोकरी पक्की झाली की स्वतःला घ्यायचं, असं ते घड्याळ. आजोबांनी १९६७ मध्ये घेतलं, रेल्वेत कायम झाल्यावर.

बुधवार पेठेत एका बोळात घड्याळं दुरुस्त करणारे काका बसतात. त्यांनी डोळ्याला आयग्लास लावून मागचं झाकण काढलं. "बॅलन्सचा स्टाफ तुटलाय," म्हणाले. बॅलन्स म्हणजे ते सतत मागे-पुढे फिरणारं चाक, आणि स्टाफ म्हणजे त्याचा आस. आसाची टोकं केसाएवढी बारीक असतात, पडलं की आधी तीच जातात. मशीन होतं २५१ नंबरचं, कंपनीने १९६२ मध्ये काढलेलं. जाडी २.९५ मिलिमीटर आणि तेवढ्या पातळ मशीनमध्ये एक सोडून दोन बॅरल, म्हणजे चावीची मेन स्प्रिंग ठेवायच्या डब्या. काकांना त्या मशीनबद्दल आदर आहे, बोलताना आवाज बदलतो. "पार्ट येत नाहीत आता. ह्याच मशीनचं एखादं बंद घड्याळ आणा, त्यातला बॅलन्स काढून बसवू."

मला वाटलं, आठवड्याचं काम आहे.

पहिलं घड्याळ ऑनलाइन मागवलं. फोटोत लालभडक डायल, सोनेरी आकडे, त्याखाली सी-चीफ हे नाव. वर्णनात "ओरिजनल, सर्व्हिस केलेलं, चालू". किंमत ४,२०० रुपये. चालू होतं हे खरं. काकांनी झाकण काढलं आणि काही न बोलता आयग्लास माझ्या हातात दिला. आतल्या पट्टीवर एचएमटीची अक्षरं कोरलेली होती. मशीन त्या केसच्या मापाचं नव्हतं, म्हणून भोवती पांढरी प्लास्टिकची रिंग सारलेली. मग काकांनी काटे उतरवून डायल उचलली. डायलच्या पाठीला दोन बारीक खुंट्या असतात. त्या मशीनच्या भोकांत जातात आणि बाजूच्या स्क्रूने आवळतात. या डायलच्या दोन्ही खुंट्या मुळापासून कापलेल्या होत्या आणि त्या जागी वाळलेल्या गोंदाचे दोन पिवळट ठिपके होते. म्हणजे डायल एका घरची, मशीन दुसऱ्या घरचं, आणि दोघांना गोंदाने चिकटवलेलं.

एचएमटीचं मशीन वाईट असतं असं अजिबात नाही. जपानच्या सिटिझनच्या मदतीने १९६१ मध्ये बंगळूरला सुरू झालेल्या त्या कारखान्याने देशाला घड्याळ घालायला शिकवलं. पण त्याचा बॅलन्स २५१ मध्ये बसत नाही. मी पैसे परत मागितले, मिळाले नाहीत.

त्यानंतर काकांनी मला शिकवायला सुरुवात केली. शनिवारी दुपारी गिऱ्हाईक कमी असतं, तेव्हा. त्यांच्याकडे सिगारेटच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात पन्नासेक डायली आहेत. त्यातल्या दोन त्यांनी काचेवर शेजारी ठेवल्या, एक कारखान्यातून आली तशी आणि एक रंगवलेली, आणि म्हणाले, "सांगा." नुसत्या डोळ्यांना रंगवलेलीच छान दिसत होती. आयग्लासखाली सगळं उलटं झालं. कारखान्यातल्या छपाईत अक्षराची कड सुरीने कापल्यासारखी असते, शाई किंचित उंच उभी राहते, बारीक रेघ शेवटपर्यंत बारीकच. रंगवलेल्या डायलवर शाई कडेला पसरते, अक्षरं सुजल्यासारखी दिसतात, मिनिटांचे ठिपके तासाच्या खुणांच्या रेषेत येत नाहीत. धातूच्या खुणा डायलवर बसवलेल्या असतील तर त्यांच्या बुडाशी बघायचं, रंग तिथे गोळा झालेला दिसतो. आणि अगदी खाली, सहाच्या दोन्ही बाजूंना, काठाला चिकटून "स्विस मेड" असतं. ते इतकं बारीक असतं की रंगवणारा अनेकदा ते सोडून देतो, नाहीतर मोठं करून वर ओढतो. मी आता कोणतंही जुनं स्विस घड्याळ बघताना आधी सहाच्या खाली बघते.

रंगही बघावा. एचएमटी पायलट म्हटलं की जुन्या लोकांच्या डोळ्यांपुढे काळी डायल येते. बाजारात आज ते हिरवं, केशरी, जांभळं, कुठल्याही रंगात मिळतं; त्यातल्या बहुतेक डायली नंतर रंगवलेल्या.

आयात आवळलेली होती त्या काळात नवी डायल मागवणं सोपं नव्हतं, काका सांगत होते. घामाने आणि पावसाळी हवेने डायल काळवंडली की लोक ती रंगवून घेत. जुना रंग खरवडायचा, नवा द्यायचा, अक्षरांचा ठसा मारायचा. कुशल हातांचं काम होतं ते, आणि त्यात लबाडी नव्हती. घड्याळ आपलंच, चेहरा नवा केला, गिऱ्हाईक खूश. "लबाडी कुठे सुरू होते? तीच डायल दुसऱ्याला ओरिजनल म्हणून विकली की," काका म्हणाले. हे वाक्य मी घरी येऊन लिहून ठेवलं, आणि दोन आठवड्यांत त्याची गरज पडली.

त्याआधी जुना बाजार झाला. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथे एक सी-चीफ मिळाली, पांढरी डायल, तासांच्या जागी चमकणारे ठिपके. मी पर्समध्ये नोटा तपासायचा निळा दिवा ठेवला होता. तळहाताच्या आडोशाला दिवा मारला आणि बंद केला, तर ठिपके कितीतरी वेळ हिरवे उजळत राहिले. साठच्या दशकातल्या डायलवर असं होऊ नये. तेव्हा आधी रेडियम आणि नंतर ट्रिशियम वापरत. ट्रिशियम साधारण १२ वर्षांत निम्मं होतं. रेडियम शेकडो वर्षं टिकतं, पण त्याच्यासोबतचा चमकणारा लेपच जळून जातो. इतका जोमदार उजेड म्हणजे लेप नवा. मी मागचं झाकण उघडून दाखवायला सांगितलं. विक्रेता म्हणाला, "ताई, उघडलं की वॉटरप्रूफ जातं." मी घड्याळ परत दिलं. शेजारच्या पथारीवर पितळी होकायंत्र होतं, झाकणावर १८८५. आतले स्क्रू प्लस खाचेचे. प्लस खाच आली १९३० च्या दशकात. अशी होकायंत्रं रुरकीला शोभेची वस्तू म्हणून उघडपणे बनतात, तिथे ती कुणाला फसवत नाहीत. पथारीवर येईपर्यंत मात्र ती ब्रिटिश जहाजावरची झालेली असतात.

त्या रात्री मी आजोबांचं घड्याळ आयग्लासखाली धरलं. सात महिन्यांतली सगळ्यात अवघड वेळ ही. सहाच्या खाली "स्विस मेड" नव्हतं. कंपनीच्या नावातली अक्षरं जाड. तीनच्या खुणेच्या बुडाशी रंगाची बारीक कड.

सकाळी बाबांना विचारलं. ते जराही दचकले नाहीत. "हो, रंगवून घेतली होती. १९८८ मध्ये, आत्याच्या लग्नाच्या वेळी. पार काळी पडली होती. आजोबा म्हणाले, मुलीच्या लग्नात असं घड्याळ घालून मांडवात कसा उभा राहू? मीच लक्ष्मी रोडला देऊन आलो." मग थोडं थांबून म्हणाले, "का, वाईट दिसते?" मी म्हटलं, नाही. आणि मला खरंच तसं वाटलं. त्या डायलकडे मी आता वेगळ्या नजरेने बघते, पण कमी प्रेमाने नाही.

मुंबईला सप्टेंबरमध्ये गेले. चोर बाजारात शुक्रवारी पहाटेचा बाजार भरतो, म्हणून आदल्या रात्री दादरला मावशीकडे मुक्काम. उजाडायच्या आत मटन स्ट्रीटच्या बाजूला पोचले. लोक मोबाइलच्या उजेडात माल बघत होते. पितळी कर्ण्याचे झगझगीत ग्रामोफोन ओलांडून एका गाडीपाशी थांबले. जुन्या चष्म्यांच्या ढिगाखाली घड्याळांची परात होती आणि त्यात एक सी-चीफ, पट्टा नाही, काच धुरकट, डायल तपकिरी झालेली, तिच्यावर तव्यातल्या भाकरीवर पडतात तसे डाग.

"डायल खराब है मॅडम, पहले ही बोल देता हूँ," विक्रेता म्हणाला. "और बंद है."

मी उघडायला सांगितलं. त्याने लगेच चाकूचं टोक लावून झाकण काढलं. सहाच्या खाली "स्विस मेड", काठाला चिकटून, मुंगीच्या पायाएवढं. पट्टीवर कंपनीचं नाव. बॅलन्सवर हलकी फुंकर मारली आणि तो डौलात फिरून परत आला. मग झाकण उलटं करून बघितलं. आतल्या बाजूला सुईने ओरखडलेल्या तीन बारीक खुणा होत्या: १४-३-७१, त्याखाली एक गुजराती अक्षर, आणि दुसऱ्या कुणाच्या हातची नुसती ८०. दुरुस्ती केली की कारागीर आपली खूण आत अशी ठेवतात. गिऱ्हाइकाला ती कधी दिसत नाही. अनोळखी तीन माणसांनी हे घड्याळ नीट हाताळलं होतं. १,८०० म्हणाला, मी घासाघीस केली नाही.

काकांनी ते पुण्यात पूर्ण उघडलं. मेन स्प्रिंग तुटलेली, बाकी धड. बराच वेळ बघत राहिले. "ताई, हे सगळं एका घरचं आहे. डायल, काटे, केस, मशीन, सगळ्यांचं वय एक. असं वर्षात दोन-तीनदा बघायला मिळतं. फोडू का?"

मी गप्प बसले. आजोबांच्या घड्याळासाठीच तर आणलं होतं. तेव्हा मला २०२१ मधली जिनिव्हाची गोष्ट आठवली. ओमेगा या स्विस कंपनीचं जुनं स्पीडमास्टर घड्याळ लिलावात ३१ लाख स्विस फ्रँकच्या वर गेलं आणि दोन वर्षांनी कळलं की ते वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जुळवून उभं केलेलं होतं. ते विकत घेणारं खुद्द ओमेगाचंच संग्रहालय होतं. भाग बहुतेक खरे, घड्याळ मात्र खरं नाही. एका घरचं घड्याळ आपल्या हाताने मोडायला माझं मन तयार होईना. नको म्हटलं.

काकांना बरं वाटलं असावं, कारण तेव्हा कुठे त्यांनी सोलापूरच्या एका कारागिराचं सांगितलं. वय सत्तरीच्या पुढे, अजून लेथवर स्टाफ करतात. वेळ फार घेतात आणि खर्च घड्याळाच्या किमतीपेक्षा जास्त येतो, म्हणून काका आधी बोलले नव्हते. मापासाठी धड नमुना लागतो. तो आता होता. चोर बाजारातल्या घड्याळाचा बॅलन्स काढून सोलापूरला गेला, त्याच्यावरून टोकाची जाडी मोजली गेली, मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास, आणि पाच आठवड्यांनी नवा स्टाफ आणि जुना बॅलन्स एकाच पाकिटात परत आले. दोन्ही घड्याळं आता चालतात. आजोबांचं दिवसाला चार मिनिटं पुढे जातं. काका म्हणतात, अजून एकदा बसून बघतो.

प्रत्येक डबीत मी एक चिठ्ठी ठेवली आहे. चोर बाजारातल्या घड्याळाच्या चिठ्ठीवर लिहिलं: मेन स्प्रिंग, काच आणि पट्टा नवा, बाकी मूळ. आजोबांच्या डबीतली अशी: "सी-चीफ, मशीन २५१. खरेदी १९६७. डायल मूळ नाही, पुण्यात १९८८ मध्ये रंगवली. बॅलन्स स्टाफ मूळ नाही, सोलापूरला लेथवर केला." बाबांनी ती चिठ्ठी वाचली, माझ्याकडून पेन घेतलं आणि १९८८ च्या पुढे जागा कमी होती तरी बारीक अक्षरात लिहिलं, "धाकटीच्या लग्नासाठी".