तुम्ही विचारलंत म्हणून: फ्लॅटचे फोटो कशात एडिट करायचे?

आठवड्यातून दोन-तीन जण तरी हे विचारतातच. कोणी नवीन कॅमेरा घेतलेला असतो, कोणी रीसेलचे फ्लॅट विकणारा एजंट असतो, परवा एकाने दापोलीहून विचारलं, स्वतःच्याच होमस्टेचे फोटो काढायचेत, "ताई, लाइटरूमचे पैसे भरू का फुकटातलं काही चालेल?" प्रत्येकाला व्हॉट्सॲपवर तुकड्या-तुकड्यात सांगते आणि निम्मं सांगायचं राहून जातं, म्हणून आज सगळं इथे लिहिते.

मी लाइटरूम क्लासिक (फोटो सांभाळायचं आणि एडिट करायचं, दरमहा पैसे भरून मिळणारं सॉफ्टवेअर) वापरते, आणि गरज पडली तर फोटोशॉप. पण मी वापरते म्हणून तुम्ही घेऊ नका. माझं म्हणणं एवढंच आहे की आधी तुमच्या कामातली सगळ्यात अवघड खोली शोधा, तिचे फोटो काढा आणि तेच फोटो प्रत्येक सॉफ्टवेअरच्या ट्रायलमध्ये टाकून बघा. हॉल, गॅलरी, स्विमिंग पूल हे कशातही चांगलं दिसतं, त्यावरून काहीच कळत नाही.

माझी अवघड खोली म्हणजे सिंहगड रोडच्या एका टू बीएचकेचं किचन. दुसरा मजला, एकच खिडकी, तिला ग्रिल, बाहेर ड्राय बाल्कनी आणि तिच्यावर हिरव्या फायबरचा पत्रा. आत छताला पांढरी ट्यूब आणि चिमणीत पिवळा दिवा. आता बघा, ट्यूब साधारण 6500 केल्विनची (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा मोठा तितका उजेड निळसर, लहान तितका पिवळा), चिमणीतला दिवा 2700-3000 चा आणि खिडकीतून येणारा उजेड पत्र्यातून गाळून हिरवा झालेला. ओट्यामागच्या टाइल्स खऱ्या पांढऱ्या, पण फोटोत डावीकडच्या हिरवट, मधल्या पिवळट आणि वरच्या निळसर. व्हाइट बॅलन्सचा, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंग जुळवायचा स्लायडर कितीही ओढा, एक बाजू बरी झाली की दुसरी बिघडते, कारण तो स्लायडर अख्ख्या फोटोला एकच न्याय लावतो. इथे मास्क लागतो, म्हणजे ब्रशने फक्त डाव्या टाइल्स रंगवायच्या आणि तेवढ्याचाच टिंट मॅजेंटाकडे, म्हणजे हिरव्याच्या उलट गुलाबी-जांभळ्याकडे न्यायचा, मग चिमणीखालचा भाग वेगळा घेऊन त्याचं सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा भडकपणा, उतरवायचं. हे काम ज्या सॉफ्टवेअरमध्ये तुमचा हात न अडखळता पाच मिनिटांत होतं ते तुमचं सॉफ्टवेअर.

हेही सांगते की यातला निम्मा त्रास तिथेच, किचनमध्ये उभं राहून कमी करता येतो. सगळे दिवे बंद करायचे आणि फक्त खिडकीच्या उजेडात ट्रायपॉडवर शटर जास्त वेळ उघडं ठेवून काढायचं. अंधार वाटतो, घरमालक काळजीत पडतात की फोटो काळे येतील, पण भिंतीला रंग एकाच उजेडाचा मिळतो. आणि पंखा बंद, अगदी आठवणीने, कारण आपण एकावर एक तीन फोटो जोडणार असतो आणि फिरता पंखा प्रत्येकात वेगळ्या जागी असतो, मग छतावर पात्यांची भुतं दिसतात.

तीन फोटो कशाला ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: खिडकीबाहेर ऊन आणि आत अंधार, कॅमेऱ्याला दोन्ही एका फोटोत झेपत नाही. म्हणून दोन-दोन स्टॉपच्या फरकाने (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) तीन काढायचे, बाहेर कडक ऊन असेल तर पाच, आणि सॉफ्टवेअरमध्ये जोडायचे, म्हणजे एचडीआर मर्ज. एका फ्लॅटचे तीस अँगल धरले आणि प्रत्येकी पाच, तर दीडशे रॉ फाइल (म्हणजे कॅमेऱ्यातले कच्चे, मूळ फोटो) झाल्या, 24 मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची एक फाइल साधारण 25 एमबीची, म्हणजे एका घराचे पावणेचार जीबी. हे दीडशे फोटो पाच-पाचच्या गठ्ठ्यात लावत बसलात तर रात्र जाते. लाइटरूम क्लासिकमध्ये काढल्याच्या वेळेवरून ऑटो स्टॅक होतात, म्हणजे गठ्ठे आपोआप लागतात, आणि सगळे स्टॅक एकदम मर्जला लावता येतात, मी ते लावून जेवायला बसते. मी तिथे टिकून आहे ते मुख्यतः याच्यासाठी.

मर्ज केल्यावर ग्रिलकडे झूम करून बघा, शंभर टक्क्यांवर. गजांच्या कडेला पांढरी झालर दिसते का, भिंतीच्या कोपऱ्यात मळकट सावली साचली का, ते तिथेच कळतं. माझी सुरुवातीची एक चूक यातलीच आहे. एचडीआरचं एक वेगळं सॉफ्टवेअर घेतलं होतं, एक बटण दाबलं की सगळं चकचकीत, लाकूड केशरी, आकाश गडद निळं, मला फार आवडायचं. एका एजंटला तसे फोटो दिले, त्यांच्याकडे गिऱ्हाईक आलं, हॉलमध्ये उभं राहिलं आणि म्हणालं फोटोत दाखवला तो हॉल हा नव्हे. सौदा तिथेच थांबला. मी ते फोटो रात्रीत पुन्हा एडिट करून दिले, पण त्या माणसाचा त्या घरावरचा विश्वास उडाला तो उडालाच. तेव्हापासून मी भिंतीच्या रंगाला फार जपते.

तिसरी गोष्ट उभ्या रेषा. दाराची चौकट, भिंतीचा कोपरा, कपाटाची कड या सरळ उभ्याच दिसायला पाहिजेत, नाहीतर अख्खं घर मागे कललेलं वाटतं. कॅमेरा छातीच्या उंचीवर लेव्हलमध्ये ठेवला की बरंच जमतं, उरलेलं लाइटरूमच्या गायडेड अपराइटमध्ये, चौकटीवर एक आणि समोरच्या कोपऱ्यावर एक अशा दोन रेघा मारायच्या. कॅप्चर वन या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये याला कीस्टोन म्हणतात, डार्कटेबल या फुकटातल्या सॉफ्टवेअरमध्ये पर्स्पेक्टिव्हचं मॉड्यूल आहे, तेही रेषा आपोआप शोधतं.

आता फुकटाचा प्रश्न. डार्कटेबल खरंच चांगलं आहे, फुकट आहे, मास्क तर इतके बारीक करता येतात की मला हेवा वाटतो. पण शिकायला वेळ लागतो, पहिला महिनाभर चिडचिड होईल, आणि ब्रॅकेट, म्हणजे ते तीन-पाच फोटो, जोडायला ट्रायपॉड पक्का हवा. ज्याच्याकडे वेळ आहे आणि पैसे नाहीत त्याने बिनधास्त तेच घ्यावं. ॲफिनिटी हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर आधी एकदाच पैसे भरून मिळायचं, 2024 मध्ये कॅनव्हाने ते बनवणारी कंपनी घेतली आणि 2025 पासून ते फुकट झालंय. एका फोटोवर नीट बसून काम करायला छान, पण त्यात लाइटरूमसारखा कॅटलॉग, म्हणजे सगळ्या फोटोंची नोंदवही, नाही, दीडशे फाइल सांभाळायच्या तर तुमचे हाल होतील. कॅप्चर वनचे रंग मला आवडतात, किंमत झेपत असेल तर बघा. आणि एजंट मंडळींनो, तुम्ही मोबाइलवरच काढत असाल तर यातलं काहीच नको, स्नॅपसीड फुकट आहे, त्यात पर्स्पेक्टिव्ह सरळ करा, व्हाइट बॅलन्स बघा आणि थांबा.

दरमहा पैसे भरायची भीती सगळ्यांना असते, मलाही होती. लाइटरूम क्लासिकचं सबस्क्रिप्शन थांबलं तर डेव्हलप (एडिट करायचा भाग) आणि मॅप (फोटो नकाशावर बघायचा भाग) बंद होतात, पण फोटो तुमच्या हार्डडिस्कवरच असतात आणि एडिट केलेले एक्स्पोर्ट करता येतात. महिन्याला दोन घरांचं काम असेल तर माझ्या मते पैसे वसूल आहेत, वर्षाला चारच घरं असतील तर नाहीत.

आणि हल्ली दर दुसरा माणूस विचारतो, एआयने समोरचा मोबाइल टॉवर काढून देणार का? नाही देणार. ओट्यावरचं भांडं, कोपऱ्यातली केरसुणी, भिंतीवरचा खिळा काढते, कारण त्या गोष्टी घर विकल्यावर तशाही जाणार असतात. टॉवर, नाला, भिंतीवरची ओल जाणार नाही, तिथे राहायला येणाऱ्या माणसाला ती रोज बघायचीये. बिल्डरच्या जाहिरातीत तर हे कायद्याचंही काम आहे, 2016 च्या रेरा कायद्याच्या कलम 12 प्रमाणे जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून कोणी पैसे भरले आणि नुकसान झालं तर बिल्डरला भरपाई द्यावी लागते. रीसेलला ते कलम लागू नसलं तरी समोरचा माणूस आयुष्यभराची कमाई घालतोय हे तसंच असतं ना.

दापोलीवाल्या दादांना मी सांगितलंय की तुमची अवघड खोली म्हणजे जांभ्याच्या भिंतींची मागची खोली, पावसाळ्यात तिच्या दारावर निळं प्लास्टिक बांधता ती. जांभा फोटोत पटकन लालभडक होतो, निळ्या प्लास्टिकने छत निळं पडतं, आणि दोन्ही एकाच फोटोत असतं. प्लास्टिक तासभर सोडा, सकाळी दहाच्या सुमारास दिवे बंद करून तीन फोटो काढा, आधी डार्कटेबलमध्ये टाका, मग लाइटरूमच्या ट्रायलमध्ये, आणि लॅपटॉप त्याच भिंतीशेजारी नेऊन ठेवा. ज्यात जांभा भिंतीसारखा दिसेल ते मला कळवा, सेटिंग दोघं मिळून बसवू.