वायफाय बंद केलं की हँडहेल्ड रडतो: तीन आठवड्यांची नोंद

जुने व्हिडिओ गेम खेळायच्या माझ्या हँडहेल्डबद्दल (हातात मावणाऱ्या गेम-यंत्राबद्दल) वहीत पहिल्या दिवशी एकच ओळ लिहिली होती: ‘इंटरनेट नसलं की मंद चालतो.’ तीन आठवड्यांनी ती खोडली. त्या एका ओळीत दोन वेगळे बिघाड कोंबले गेले होते आणि दोघांची लक्षणं एकमेकांच्या अगदी उलट निघाली.

यंत्र लिनक्सवर चालणारं. प्रोसेसरचे चार कॉर्टेक्स-ए३५ कोअर, १ जीबी रॅम, सगळी सिस्टीम मायक्रोएसडी कार्डावर. बंद केल्यावर घड्याळ चालू ठेवणारी बॅटरी आत नाही. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा.

पहिला आठवडा नेहमीच्या संशयितांमागे गेला. कार्ड बदललं, प्रोसेसरची गती ठरवणारा गव्हर्नर ‘परफॉर्मन्स’वर ठेवला, एम्युलेटर म्हणजे जुन्या गेम-यंत्रांची नक्कल करणारे प्रोग्राम जुन्या आवृत्तीवर नेले. फरक शून्य.

मग ‘इंटरनेट नाही’ म्हणजे नेमकं काय, हे वेगळं काढून तपासलं. एकदा वायफाय पूर्ण बंद. एकदा वायफाय राउटरला जोडलेलं, पण राउटरची बाहेरची तार काढलेली. चित्र लगेच स्पष्ट झालं. राउटरला जोडलेलं असताना खेळ मस्त चालतो, पण मेन्यू गोठतो. वायफाय बंद असताना मेन्यू चपळ, पण जड खेळ दहा-पंधरा मिनिटांत अडखळायला लागतात आणि त्याआधी आवाज तडतडतो. ‘ऑफलाइन चाचणी केली’ असं कुणी सांगितलं, की आता मी आधी हेच विचारतो: या दोनपैकी कोणती?

मेन्यूचं कोडं स्टॉपवॉचने सुटलं. गोठण्याचा वेळ दर वेळी २० सेकंद. ओझ्यामुळे येणारा उशीर कमीजास्त होतो; इतका ठरलेला आकडा आला की कुठेतरी टाइमर आहे असं समजावं. लिनक्सच्या जीलिबसी या मूळ लायब्ररीमध्ये, वेबसाइटचं नाव शोधताना डीएनएस सर्व्हरची (नावावरून पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरची) वाट पाहण्याची मूळ मर्यादा ५ सेकंद आणि प्रयत्न २. माझ्याकडे सर्व्हर दोन नोंदवलेले. ५ गुणिले २ गुणिले २, झाले २०. मेन्यू उघडताना अपडेट तपासतो आणि पडद्यावर चित्र काढणाऱ्या थ्रेडमध्येच (कामाच्या धाग्यातच) उत्तराची वाट पाहत थांबतो. अपडेट तपासणी बंद केली, शिवाय डीएनएसच्या सेटिंगच्या रिझॉल्व्ह कॉन्फ फाइलमध्ये ‘ऑप्शन्स टाइमआउट:१ अटेम्प्ट्स:१’ ही ओळ घातली. नेटवर्क जोडणारा प्रोग्राम ती फाइल पुन्हा लिहून काढतो, म्हणून ओळ त्याच्याच सेटिंगमधून घालावी लागली. हा भाग एका संध्याकाळी संपला.

दुसरा बिघाड मात्र चिवट. आत डोकवायला मी एसएसएच (दुसऱ्या संगणकावरून यंत्रात शिरायची सोय) वापरतो आणि एसएसएचला वायफाय लागतं. म्हणजे बघायला गेलो की बिघाड गायब! शेवटी दर पाच सेकंदांनी तापमान, कोअरची गती आणि लोड (कामाचं ओझं) फाइलमध्ये टिपणारी छोटी स्क्रिप्ट लिहिली, वायफाय बंद केलं आणि अर्धा तास खेळलो. फाइलमध्ये तापमान ८४ अंशांपर्यंत चढत गेलेलं आणि गती १२९६ मेगाहर्ट्झवरून १००८ वर उतरलेली. तापलं की प्रोसेसर स्वतःची गती कमी करतो. चारही कोअरचं क्लॉक (गती ठरवणारा ठोका) एकच, त्यामुळे एक कोअर तापला तरी शिक्षा चौघांना. सेकंदाला ६० फ्रेम (चित्रं) दाखवणाऱ्या खेळाला एका फ्रेमसाठी १६.७ मिलिसेकंद मिळतात. गेमबॉय ॲडव्हान्स या जुन्या गेम-यंत्राच्या हलक्या खेळांना त्यात भरपूर सवड उरते, म्हणून ते कधीच अडखळले नाहीत.

पण तापवतंय कोण? यंत्रावरच्याच टर्मिनलमध्ये ‘टॉप’ लावलं; कोणती प्रोसेस (चालू प्रोग्राम) किती प्रोसेसर खाते, ते हा प्रोग्राम दाखवतो. खेळ बंद, तरी एकूण वापर २५ टक्के, म्हणजे चारातला एक कोअर पूर्ण भरलेला, आणि यादीत मात्र एकाही प्रोसेसच्या नावापुढे मोठा आकडा नाही. इथे मी दोन दिवस अडकलो. ‘टॉप’ ठरावीक अंतराने नजर टाकतं. दोन नजरांच्या मध्ये जन्मून मरणाऱ्या प्रोसेस त्याला दिसतच नाहीत. लिनक्स स्वतःची माहिती जिथे दाखवतं त्या ‘प्रॉक’ फोल्डरखालच्या ‘स्टॅट’ फाइलमध्ये ‘प्रोसेसेस’ नावाची ओळ असते. यंत्र सुरू झाल्यापासून किती प्रोसेस जन्मल्या, ते ती मोजते. वायफाय चालू असताना पाच सेकंदांत हा आकडा जेमतेम हलत होता. वायफाय बंद केल्यावर तेवढ्याच वेळात सहाशेच्या वर वाढला. ही एक ओळ आधी पाहिली असती तर पहिला आठवडा वाचला असता, म्हणून ती तुमच्या वहीत नक्की लिहून ठेवा.

गुन्हेगार होती वेळ जुळवणारी स्क्रिप्ट. यंत्राला स्वतःचं घड्याळ नसल्याने ती इंटरनेटवरून वेळ मागते आणि मिळेपर्यंत पुन्हा पुन्हा प्रयत्न करते. दोन प्रयत्नांमध्ये थांबा अजिबात नाही. राउटर असताना प्रत्येक प्रयत्न डीएनएसच्या उत्तरासाठी २० सेकंद ताटकळतो, त्यामुळे ती निरुपद्रवी. वायफाय बंद असताना ‘नेटवर्कच नाही’ हे उत्तर तत्क्षणी येतं आणि स्क्रिप्ट गरगर फिरत राहते. वर प्रत्येक अपयशाची नोंद कार्डावर लिहिते, ते वेगळंच.

स्क्रिप्ट काढून टाकायची नव्हती. चुकीच्या तारखेच्या सेव्ह फाइल (खेळाची प्रगती) दुसरीकडच्या प्रतीशी जुळवताना जुनी फाइल नवीवर चढते, आणि हे माझ्या बाबतीत घडलेलं आहे. म्हणून दोन प्रयत्नांत ६० सेकंदांचा ‘स्लीप’ म्हणजे थांबा घातला, प्रयत्नांची मर्यादा पाच केली, आणि यंत्र बंद होताना वेळ फाइलमध्ये ठेवून सुरू होताना ती परत लावणारं फेक-एचडब्ल्यूक्लॉक बसवलं. त्याने तारीख निदान मागे तरी जात नाही.

काल वायफाय बंद ठेवून सलग दीड तास तोच जड खेळ खेळलो. तापमान ६६ अंशांवर स्थिर, गती १२९६ वरून हलली नाही, आवाज एकदाही तडतडला नाही. झोपेतून उठवल्यावर मात्र स्क्रिप्ट पुन्हा सुरू होते, आणि तेव्हा पाचची मर्यादा नव्याने मोजली जाते का, हे अजून तपासायचंय. टिपणारी स्क्रिप्ट तेवढ्यासाठी चालूच ठेवली आहे.